तिसरी ओळ पुसू नये

मी, शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या कारागिराची विधवा, वय बहात्तर, राहणार दुकानाच्या वरच्या खोलीत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे आणि देताना म्हणाले, "आजी, तुमचं माझ्यापेक्षा जास्त ठिकाणावर आहे." तेही इथे नोंदवून ठेवते. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. आणायला एक जण येऊन गेला, पण त्याला जमलं नाही. मी रागावलेली आहे. राग म्हणजे वेड नव्हे आणि रागावलेल्या माणसाचं मृत्युपत्र कायद्याने चालतं, हे वकीलबाईंना विचारून घेतलं आहे.

याआधी माझ्या थोरल्या मुलाने एक मृत्युपत्र टाइप करून आणलं होतं. मी ते न वाचता सही करीन असं त्याला वाटलं होतं. मी वाचलं आणि सही केली नाही. तरीही त्याची प्रत कुठून निघालीच तर ती रद्दी समजावी.

सगळ्यांची पूर्ण नावं आणि पत्ते वकीलबाईंनी शेवटी वेगळ्या पानावर जोडले आहेत. मी इथे माणसांना घरात जशी हाक मारते तसंच लिहिणार आहे. मला दोन मुलं. थोरला, जो सहा तासांच्या अंतरावर राहतो आणि मोठ्या हुद्द्यावर आहे. आणि धाकटी, जी नऊ वर्षांपूर्वी गेली. थोरल्याला एक मुलगी आहे, ती माझी नात. पती जाऊन चार वर्षं झाली.

कलम १. मी कोण.

वकीलबाई म्हणाल्या, या कलमाची गरज नाही. त्यांना नसेल, मला आहे.

मी शाळेची पायरी चढले नाही. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. माझ्या पतींची एक पद्धत होती. दुकानात दुरुस्त झालेल्या प्रत्येक मशीनच्या खणात ते एक चिठ्ठी ठेवत. तिच्यात तीन ओळी असत. काय बिघडलं. काय केलं. काय राहिलं. मशीन पुन्हा कधी बिघडलं तर खोलणाऱ्याला कळावं, मग तो खोलणारा आपल्याच दुकानातला असो की परगावचा. बाकीचे कारागीर हसायचे. "अरे, तिसरी ओळ कशाला लिहितोस, स्वतःच्या हाताने स्वतःची अब्रू घालवतोस." हे म्हणायचे, "जे राहिलंय ते लिहिलं नाही तर ते काय जाणार आहे?"

खण पुसायचं काम माझं. चिठ्ठ्या हातात यायच्या. सगळ्यांची सुरुवात सारखी, म्हणून ती आकृती डोळ्यांत बसली. एके दिवशी दोरे विकणारा माल उतरवताना पुड्यांवरची नावं वाचून दाखवत होता, त्याला मी चिठ्ठीतला पहिला शब्द दाखवून विचारलं, हे काय लिहिलंय? तो म्हणाला, "काय." मला वाटलं त्याला ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारलं. तो पुन्हा म्हणाला, "काय." तर मी आयुष्यात वाचलेला पहिला शब्द "काय" आणि दुसरा "बिघडलं". पुढचं सगळं त्यावरच चाललं आहे.

त्यानंतर पुड्यांचे कागद, तेलाच्या डब्यांवरच्या सूचना, मग कोपऱ्यावरच्या वाचनालयातली पुस्तकं. शिकवलं कोणी नाही. उपकार कोणाचे नाहीत, दोरेवाल्याचा एक शब्द सोडून.

कलम २. घर.

घर दोन मजल्यांचं आहे. खाली दुकान, वर खोली आणि मोरी. दोन्ही माझ्या नावावर आहेत.

खालचं दुकान थोरल्याला देत आहे. हे वाचून वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही तर त्याच्यावर एवढ्या चिडलाय." चिडलेच आहे. पण तो लहानपणी दुकानातल्या लाकडी ठोकळ्यावर बसून गणितं सोडवायचा, आणि पायमशीनच्या आवाजाशिवाय त्याला गणित सुटायचं नाही. त्या जागेवर त्याचा हक्क आहे. राग वेगळा, वाटा वेगळा. शिवाय याला आणखी एक कारण आहे, ते कलम ६ मध्ये येईल.

वरची खोली नातीला देत आहे, खोलीतल्या टेबलासह, टेबलावरच्या संगणकासह आणि खिडकीच्या न लागणाऱ्या कडीसह. कडी दुरुस्त करू नये असं नाही, पण मला चाळीस वर्षांत जमलेलं नाही.

कलम ३. हत्यारं, मशीनं, कात्री.

पतींची सगळी हत्यारं शाळेच्या मागे मुलींचा शिवणवर्ग चालतो त्याला द्यावीत. अट एकच. वर्गातल्या बाईंनी मुलींना मशीन चालवायला शिकवावं तसं खोलायलाही शिकवावं. सुई मोडली की पुरुषाची वाट बघत बसायचं, हे माझ्या हत्यारांसमोर चालणार नाही.

समोरच्या दुकानातले टेलरमास्तर या मृत्युपत्राला साक्षीदार आहेत. साक्षीदाराला काही देता येत नाही, असं वकीलबाई म्हणतात. म्हणून त्यांना मी काही देत नाही. मोठी कात्री त्यांनी गेल्या वर्षीच "दोन दिवसांसाठी" नेली आहे. ती मी जिवंतपणी दिली असं समजावं.

कलम ४. शिडी.

माझे दीर, ज्यांना मी भावजी म्हणते, यांनी अकरा वर्षांपूर्वी आमची लोखंडी शिडी नेली. मागितली की म्हणायचे, "वहिनी, शिडी काय पळून जाणार आहे?" ती पळून गेली नाही हे खरं. ती त्यांच्या अंगणात उभी आहे आणि तिच्यावर त्यांनी वेल चढवला आहे. ती शिडी मी या मृत्युपत्रान्वये भावजींना देत आहे. मरताना माझ्याकडून कोणावर चोरीचा आळ नको. वेल माझ्यातर्फे छाटू नये, त्याने काही बिघडवलेलं नाही.

कलम ५. पुस्तकं.

माझी एकशे बारा पुस्तकं वाचनालयाला द्यावीत. समासात मी पेन्सिलीने जे लिहिलं आहे ते पुसू नये. काही ठिकाणी लेखकाला शिव्या आहेत. त्या त्याने कमावलेल्या आहेत.

कलम ६. वरचं दुकान.

आता खरी गोष्ट. वरची कलमं कोणीही लिहील. ज्याच्यासाठी मी कागद घेऊन बसले ते हे आहे.

माझ्या मालकीचं एक संकेतस्थळ आहे. घरात आम्ही त्याला वरचं दुकान म्हणतो, कारण संगणक वरच्या खोलीत आहे. ते धाकटीने बांधलं. ती कपड्यांच्या कारखान्यात मशीन-मेकॅनिक होती, बापाच्या हातचं शिकलेली. रक्ताचा आजार निघाला तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. नोकरी सोडून इथे आली आणि त्या वरच्या खोलीत पडल्या पडल्या, उशीला टेकून, तिने बाबांसाठी हे बांधलं. मला म्हणाली, "आई, मी नसले की तुम्ही दोघं एकमेकांची तोंडं बघत बसाल. त्यापेक्षा इथे लिहीत जा." मी म्हणाले, असलं काही बोलू नकोस. ती म्हणाली, "बरं, बोलत नाही. पासवर्ड मात्र लिहून घे."

त्यात दोन भाग आहेत. एक "आमच्या आवडी". त्यात ह्यांनी जुनी मशीनं कशी ओळखावी, कोणत्या आवाजाचा काय अर्थ, हे लिहिलं आहे. टक्-टक् वेगळं, टाक्-टाक् वेगळं. दूरदूरची माणसं त्यांना विचारत, आणि हे एका बोटाने दीड तास टाइप करून उत्तर देत. मी माझं एक पान उघडलं, "मला न आवडलेली पुस्तकं". ते ह्यांच्या पानापेक्षा जास्त वाचलं जातं. ह्यांना ते लागलं होतं, पण बोलून दाखवलं नाही. मशीनांच्या खणात सापडलेल्या बटणांचंही पान आहे, तीनशे चाळीस बटणं, प्रत्येकाचा फोटो. त्यातलं एक हस्तिदंती आहे की हाडाचं यावर दोन अनोळखी माणसं तीन वर्षं भांडत आहेत. त्यांना भांडू द्यावं.

दुसरा भाग "आमची माणसं". आमच्यातला जो कोणी गेला त्याचं एक पान. फोटो, चार गोष्टी, आणि शेवटी खणातल्यासारखी चिठ्ठी. काय बिघडलं, काय केलं, काय राहिलं. माझ्या सासऱ्यांच्या चिठ्ठीत तिसरी ओळ आहे, "बायकोला एकदा तरी बरं म्हणणं." सासूबाईंच्या चिठ्ठीत आहे, "सुनेचं ऐकून घेणं." कोणाला सोडलेलं नाही. भावजी जिवंत असल्यामुळे त्यांचं पान नाही, पण ते या सगळ्याला "मेलेल्यांची हजेरी" म्हणाले तेव्हा ह्यांनी त्यांची नोंद मशीनांच्या यादीत केली. "आवाज जास्त, शिलाई कमी." ती तशीच ठेवावी.

धाकटीचं पान ह्यांनी ती गेल्यावर महिन्याने लिहिलं. फोटो कारखान्यातला, दोन्ही हात कोपरापर्यंत ऑइलने काळे. तिच्या ओळीत काम करणाऱ्या एका बाईने खाली लिहिलं आहे, "मशीन पाच मिनिटांत दुरुस्त व्हायचं, पण ती सुपरवायझरला सांगायची, अजून अर्धा तास लागेल. तेवढा वेळ आम्हाला पाठ टेकता यायची." हे मी शंभर वेळा वाचलं असेल.

आणि शेवटी चिठ्ठी. "काय बिघडलं: रक्त. काय केलं: डॉक्टर म्हणाले ते सगळं. काय राहिलं: दादाचं येणं. तीन फोन केले."

हे खरं आहे. ती पाच आठवडे वर पडून होती. थोरल्याला तीन फोन गेले. तिसऱ्या फोनला हे म्हणाले, "ती वाट बघत नाही म्हणते, पण जिन्यात पाय वाजले की मान वळवते." मी शेजारी उभी होते. पलीकडून थोरला म्हणाला, "बाबा, शुक्रवारी नक्की निघतो." धाकटी मंगळवारी गेली. तो बुधवारी आला.

हे गेल्यावर थोरला म्हणाला, "आई, त्या संकेतस्थळाचं दरवर्षी नूतनीकरण असतं, तुला कळायचं नाही. मी बघतो." मी पासवर्ड दिला. बटणांच्या डब्यात ठेवला होता, काढून दिला. माझ्या मूर्खपणांची यादी केली तर ही नोंद वरच्या पाचांत येईल.

दर मंगळवारी जेवण झाल्यावर मी धाकटीचं पान वाचते. गेल्या वर्षी एका मंगळवारी उघडलं तर फोटो वेगळा. स्टुडिओतला, केस विंचरलेले, हात दिसतच नाहीत. मी खाली गेले. चिठ्ठीत लिहिलं होतं, "काय राहिलं: काहीच राहिलं नाही. ती सर्वांच्या सान्निध्यात समाधानाने गेली."

मी तीनदा वाचलं. माझ्या नवऱ्याने जन्मात कधी "समाधानाने" हा शब्द लिहिला नाही. त्यांच्या लेखी मशीन चालतं किंवा चालत नाही. समाधानाने चालणारं मशीन त्यांनी पाहिलं नव्हतं.

थोरल्याला एक गोष्ट माहीत नव्हती. ज्याला स्क्रू नाही त्याच्यावर ह्यांचा विश्वास नव्हता. वरच्या दुकानातलं प्रत्येक पान ते छापून आणत आणि खालच्या दुकानातल्या मशीनांच्या खणांत ठेवत. धाकटीचं पान खिडकीजवळच्या पायमशीनच्या डाव्या खणात होतं, दोऱ्याच्या रिळांखाली. ते काढलं आणि वाचनालयातल्या बाईंकडे गेले. त्यांनी आधी पासवर्ड बदलून दिला, मग म्हणाल्या, "द्या, मी टाइप करते, दहा मिनिटांचं काम आहे." मी दिलं नाही. अकरा दिवस लागले. एकेक अक्षर मी शोधून दाबलं. फोटोही पुन्हा लावला, काळ्या हातांचा.

बाराव्या दिवशी थोरला आला. भर दुपारी, गाडी दारात उभी करून, दुकानात. बसलाही नाही.

"आई, ते पुन्हा का टाकलंस?"

"तू का काढलंस?"

"कोण वाचतं गं ते?"

"कोणी वाचत नाही तर तुला सहा तास गाडी का चालवावी लागली?"

"माझ्या हाताखाली चाळीस माणसं आहेत. माझं नाव शोधलं की तिसऱ्या नंबरला ते पान येतं. परवा ऑफिसात एकाने विचारलं, साहेब, तुमची बहीण वारली होती का? विचारलं कसं, तर असं खालच्या मानेनं."

"मग काय सांगितलंस?"

"काय सांगणार?"

"वारली होती, हो, असं सांगायचं. उत्तर सोपं आहे."

तो ठोकळ्यावर बसला, लहानपणी बसायचा तसा. म्हणाला, "बाबांनी ते रागात लिहिलं होतं."

"तुझे बाबा रागात लिहीत नसत. राग आला की ते मशीनला तेल घालत. त्या महिन्यात दुकानातलं एक मशीन कुरकुरत नव्हतं."

मग तो जे म्हणाला ते मी शब्दशः लिहिते. "घर नको मला. दुकान, खोली, सगळ्यावर पाणी सोडतो, लिहून देतो. ती एक ओळ काढ."

तेव्हा मला राग कशाला म्हणतात ते कळलं. त्याआधी जे यायचं ते चिडचिड होती. मी म्हणाले, "तुझ्या बहिणीच्या पाच आठवड्यांचा भाव करतोस माझ्याशी?"

म्हणून दुकान त्याला देत आहे. हे ते कलम २ मधलं दुसरं कारण. घर त्याने सोडून द्यायला ठेवलं होतं, ते मी त्याच्या गळ्यात घालते. त्याच्याजवळ सौदा करायला काही उरू नये. घर देते. ओळ देत नाही.

माझ्या पश्चात हे संकेतस्थळ, त्यातलं प्रत्येक पान, फोटो, बटण आणि पासवर्ड माझ्या नातीच्या एकटीच्या मालकीचे होतील. बँकेत जे काही असेल त्यातून आधी नूतनीकरणाची तीस वर्षांची सोय करून ठेवावी, उरलेलं नातीने शिक्षणाला वापरावं. खणांतली छापील पानं हत्यारांबरोबर देऊ नयेत. ती नातीने जपावीत. नवं काही लिहायला तिला मोकळीक आहे. तिला ढगांचे फोटो काढायचा नाद आहे, त्याचं पान तिने खुशाल उघडावं. जुनी तिसरी ओळ मात्र कोणाच्याही पानावरची, कोणाच्याही सांगण्यावरून, पुसू नये. त्यात तिचे वडील आले आणि तीही आली.

कलम ७. दुरुस्ती.

इथे मी दोन दिवस पेन खाली ठेवलं होतं.

त्या दुपारी थोरला निघताना दारात थांबला. म्हणाला, "पहिला फोन बाबांनी केला नव्हता. तू केला होतास. काय म्हणाली होतीस, आठवतंय?"

मी त्याला चालता हो म्हणाले. तो गेला.

आठवतंय. नऊ वर्षं रोज आठवतंय. मी म्हणाले होते, "काही विशेष नाही रे, अशक्तपणा आहे. तुझं काम सांभाळ, सवडीने ये."

डॉक्टरांनी त्याच दिवशी सकाळी सगळं स्पष्ट सांगितलं होतं. तरी मी असं म्हणाले. त्याला नवीन हुद्दा मिळून आठवडा झाला होता आणि मी ते गल्लीभर सांगून आले होते. आणि खरं ते तोंडाने बोलले तर खरं होईल, असंही वाटलं. पुढचे दोन फोन ह्यांचे. त्यांत काही लपवलेलं नव्हतं, तेव्हा थोरल्याला सगळं कळलं होतं आणि तरीही तो आला नाही. त्याचा दोष त्याच्याकडे आहे, मी उचलून घेत नाही. पण "सवडीने" हा शब्द माझा. त्याने सवड काढली, आणि सवड बुधवारी निघाली.

ह्यांना हे कधीच कळलं नाही. त्यांनी "तीन फोन केले" लिहिलं तेव्हा मी मागे चहाचा कप घेऊन उभी होते. मी वाचलं. वाचता येत होतं. मी म्हणाले, "पोराला टोचेल हो." म्हणताना वाटलं मी त्याच्या बाजूने बोलते आहे. मी माझ्या बाजूने बोलत होते. ह्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, "चिठ्ठीत खोटं लिहिलं तर पुढचा कारागीर चुकीचा स्क्रू खोलतो."

मी गप्प बसले. ज्याला वाचता येत नाही तो गप्प बसला तर समजू शकतं. मी वाचून गप्प बसले.

आणि थोरलाही बापासमोर गप्प बसला. हे मला त्या दुपारी दारात कळलं. पाच वर्षं तो येईल तेव्हा ह्यांच्या समोर जेवायला बसत होता, हे त्याच्याशी कामापुरतं बोलत होते, आणि एकदाही तो म्हणाला नाही की, बाबा, आईला विचारा. त्याने माझं नाव सांगितलं नाही. ओळ बदलताना त्याने माझंही पाप पुसलं. हे सगळं कळून माझा त्याच्यावरचा राग कमी झाला, असं कोणी समजू नये. तेवढाच आहे. फक्त आता तो एकट्या त्याच्यावर नाही.

चुकीचा स्क्रू खोलला गेलाच. नात मोठी झाली, तिने आत्याचं पान वाचलं आणि मला विचारलं, "आजी, बाबा खरंच तिन्ही वेळा आले नाहीत?" मी म्हणाले, नाही आले. गेले सात महिने ती वडिलांशी बोलत नाही. सणसणीत बोलून भांडली असती तर बरं. ती बोलतच नाही. आजोबांवर गेली आहे.

म्हणून मी ही दुरुस्ती मृत्युपत्रावर सोडलेली नाही. आज सकाळीच वरच्या दुकानात केली. ह्यांच्या ओळीचं एक अक्षर हलवलेलं नाही. तिच्याखाली आजची तारीख घालून लिहिलं आहे, "तीनपैकी पहिला फोन आईने केला. त्यात ती खोटं बोलली. आईचं खरं बोलणंही राहिलं." पोरी, हे इथे दुसऱ्यांदा वाचत असशील तर वडिलांना फोन कर. त्यांना माफ कर असं मी म्हणत नाही, ते तुझं तू बघ. दोन फोनांचा राग तीन फोनांएवढा ठेवू नकोस, एवढंच. आणि सवडीने करू नकोस.

कलम ८. माझं पान.

माझ्यामागे जे करायचं ते थोडक्यात उरकावं. भाषणं नकोत. भावजींना बोलू देऊ नये.

माझंही पान वरच्या दुकानात लागेल. फोटो मी निवडून ठेवला आहे, चष्मा लावून पुस्तकावर ओरडतानाचा. चार गोष्टी नातीने लिहाव्यात, तिला हव्या त्या. चिठ्ठी मी स्वतः सुरू करून ठेवली आहे. ती पायमशीनच्या डाव्या खणात आहे, धाकटीच्या पानावर. त्यात असं आहे.

काय बिघडलं: फार काही नाही, वय झालं.

काय केलं: वाचायला शिकले. दोन मुलं वाढवली, एक राहिला. एक ओळ पुन्हा लिहिली, अकरा दिवसांत.

काय राहिलं:

ही तिसरी ओळ मी भरलेली नाही. ती थोरल्याने भरायची. ठोकळ्यावर बसून, दुकानात, पेनाने. आईने तुझ्याशी काय करायचं राहिलं ते तुला माहीत आहे, मला सगळं माहीत नसेल. तू लिहिशील ते नातीने जसंच्या तसं लावावं, कितीही टोचलं तरी, कोणी माझ्या बाजूने मध्ये पडू नये. "समाधान" हा शब्द वापरू नये, एवढी एकच अट. तो लिहीत नाही तोवर माझं पान लावू नये. मी थांबीन.

चिठ्ठी पाठकोरी आहे. जागा कमी पडली तर मागे लिही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वाचनालयातल्या बाईंनी करावी. त्यांनी होकार दिला आहे. वरचा सगळा मजकूर मी लिहिला, दोन वेळा वाचला, साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत खाली सही केली. सही केली, अंगठा नाही.

सही: (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार पहिले: टेलरमास्तर, समोरचं दुकान. सही. (कात्रीबद्दलचा मजकूर ऐकला. मान्य आहे.)

साक्षीदार दुसरे: दवाखान्यातले डॉक्टर. सही. (मृत्युपत्र करणारी शुद्धीवर होती. आवाज चढलेला होता.)

ठिकाण: खालचं दुकान, खिडकीजवळच्या पायमशीनवर.

तारीख: ११ मार्च २०२५, मंगळवार. जेवणानंतर.